कोशर स्वयंपाकघरासाठी नारळाचं दूध: ताजा रस, टेट्रापॅक, डबा की पावडर?

निकाल आधीच सांगितलेला बरा. गोव्यात कोशर, म्हणजे यहुदी धर्माच्या आहारनियमांनुसार, स्वयंपाकघर चालवायचं असेल, तर रोजच्या जेवणाला घरी काढलेला ताजा रस पहिल्या नंबरावर. शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) आणि घाईच्या दिवसांना टेट्रापॅक. मलईसारखा दाटपणा हवा असेल तेव्हाच टिनचा डबा. पावडर मात्र पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घरात आणूच नये. याची कारणं चवीत जेवढी आहेत, त्याहून जास्त लेबलात आहेत.

कोशर घरात मांस आणि दूध एका भांड्यात येत नाही, एका ताटातही येत नाही. मांस खाल्ल्यावर बऱ्याच घरांत सहा तास दुधाचं काही चालत नाही. काही समाजांत ही वेळ तीन तासांची किंवा एका तासाची असते. म्हणजे मटणाच्या जेवणातून दही, ताक, तूप, मलई आणि जेवणानंतरचा दुधाचा चहा हे सगळं बाद. जे मांसही नाही आणि दूधही नाही त्याला पार्वे म्हणतात, आणि ते दोन्हीकडे चालतं. नारळ पार्वे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाने ही सोय पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. त्यांच्या मटणाच्या रश्शाला दही नाही, नारळ. रोश हशानाला (यहुदी नववर्षाला) गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधात. गोव्याच्या स्वयंपाकाला तर हे शिकवावंच लागत नाही. शागुती, हुमण, सोलकढी या मुळातच दुधाशिवायच्या. अडचण येते ती विकतच्या मालात.

सुरुवात पावडरीपासून, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. नारळाचा रस वाळवून त्याची पूड करताना स्निग्धांश एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यात मिसळण घालावी लागते. एक असतं माल्टोडेक्स्ट्रिन, त्याचा प्रश्न नाही. दुसरं बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातल्या प्रथिनापासून बनतं. ते असलेली पावडर कोशर हिशेबात दुधाची झाली. पाकिटावर कितीही मोठा नारळ छापलेला असो, ती मटणात गेली की मटण, कढई आणि डाव असं सगळंच अडकतं. ‘नॉन-डेअरी’ म्हणून मिळणाऱ्या कॉफी व्हाइटनरचीही हीच गत. त्या शब्दांवर विसंबू नका, घटकांच्या यादीत केसिनेट, मिल्क सॉलिड्स, व्हे यांपैकी काही आहे का ते बघा. यादीखाली अ‍ॅलर्जीची वेगळी ओळ असते. तिथे ‘कंटेन्स मिल्क’ लिहिलेलं दिसलं की पुढे वाचायची गरज नाही.

हिरव्या ठिपक्याबद्दलही गैरसमज फार. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच धरतात. तेव्हा तो ठिपका पार्वेची खात्री देत नाही. व्हीगन चिन्ह असेल तर घटकांत दूध नाही एवढं कळतं. पण तेही कोशर प्रमाणपत्र नव्हे, कारण तीच यंत्रं आधी कशासाठी वापरली हे त्यातून समजत नाही. त्यासाठी कोशर संस्थेचं चिन्हच लागतं. सर्वांत जास्त दिसणारं चिन्ह ओयूचं: वर्तुळात यू. नुसतं चिन्ह असेल तर माल पार्वे. शेजारी डी असेल तर दुधाचा. आणि शेजारी पी असेल तर त्याचा अर्थ पार्वे नव्हे, पेसाहला (आंबवलेलं धान्य वर्ज्य असतं त्या वल्हांडण सणाला) चालणारा. या पी ने भल्याभल्यांना चकवलं आहे. आणखी एक गोष्ट: निर्यातीच्या मालावर चिन्ह असतं, त्याच कंपनीच्या देशी पाकिटावर नसतं, असं होतं. एका पाकिटावरचं चिन्ह दुसऱ्याला लागू धरू नका.

आता चवीचं. पावडरीचा रस कोमट पाण्यात कालवला तरी गुठळ्या राहतात. आधी चमचाभर पाण्यात पेस्ट करून मग उरलेलं पाणी घालावं लागतं. एवढं करूनही सोलकढीत जिभेवर पिठूळपणा जाणवतो. केसिनेट नसलेली पावडर मिळाली, तर प्रवासात बरोबर न्यायला ठीक. घरात तिला जागा नाही.

ताज्या रसाला मिसळणीची भानगड नाही, लेबल नाही, आणि भाव चढले तरी वाटीमागे तो पाकिटापेक्षा बहुधा स्वस्तच पडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा बागायतदार सहकारी संस्थेच्या दुकानात नारळ घेताना तो हलवून आत पाणी वाजतंय का ते पाहा. डोळ्यांवर बोट फिरवा. ओल किंवा बुरशी असली तर नको. जड नारळ घ्यावा. रसासाठी पुरता पिकलेला हवा. अर्धवट पिकलेल्याचा रस पातळ निघतो आणि उकळी आली की लगेच फाटतो.

एका मध्यम नारळाचा साधारण तीन वाट्या खव धरा (वाटी १५० मिलीची). त्यात हाताला सोसेल इतकं कोमट पाणी एक वाटी घाला. मिक्सर सलग चालवायचा नाही. दहा-दहा सेकंद, तीनदा, मध्ये थांबत. सलग फिरवला की जार तापतो, तेल सुटतं आणि रसावर तेलकट दाणे तरंगतात. कापडातून पिळल्यावर सव्वा वाटीच्या आसपास घट्ट रस मिळतो. तोच चोथा दीड वाटी पाण्यात पुन्हा फिरवला की पातळ रस. फ्रीजमधला थंडगार खव तसाच घातला तर रस निघतच नाही, कारण खोबऱ्यातला स्निग्धांश २४-२५ अंशांच्या खाली गोठतो. आधी खव बाहेर काढून ठेवा. आणि कढत पाणी ओतू नका, त्याने वास बदलतो. सोलकढीसाठी खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ सोडून द्यावी, नाहीतर रंग मळकट येतो.

पिळायचं कापड कोणतं, याकडे कोणी बघत नाही. बहुतेक घरांत मलमलचा एकच तुकडा असतो. आज त्यात श्रीखंडाचा चक्का टांगला, उद्या त्यातूनच रस पिळला. कोशर घरात हे चालणार नाही. रसाचा तुकडा वेगळा घ्या, कडेला रंगीत दोऱ्याने दोन टाके घाला आणि तो वाळतही वेगळ्या खुंटीवर घाला.

मिक्सरच्या जारचं प्रकरण याहून नाजूक आहे. कांदा, लसूण, आलं, मिरची हे तिखट पदार्थ हलाखेत, म्हणजे यहुदी धर्मनियमांत, वेगळे धरले आहेत. ते धारदार पात्याने कापले-वाटले की भांड्याची जात घेतात, भांडं स्वच्छ धुतलेलं असलं तरीही. मटणाचं वाटण होतं त्या जारमध्ये लसूण-मिरची वाटली, तर ते वाटण मांसाचं समजायचं. ते मग दुधाच्या जेवणात नेता येत नाही. लस्सीच्या जारमध्ये वाटलेलं मांसात जाणार नाही. गोव्याच्या स्वयंपाकात तर खोबरं एकटं क्वचितच वाटलं जातं, बरोबर बहुधा मिरची असते. तेव्हा मिक्सरबरोबर आलेल्या तीन जारांपैकी एक कायमचा पार्वे ठेवा आणि नारळाचं सगळं त्यातच करा. चटणीचा लहान जार पुरत नाही, मधला घ्या. झाकणातली रबरी रिंगही त्याच जारची राहू द्या. रिंगा घासताना सगळ्या एका टोपात पडतात आणि मग कोणती कुणाची ते कळत नाही. झाकणाला आणि रिंगेला नेलपेंटचा ठिपका दिला तरी काम भागतं. एखादा जार आधीच मिश्र वापरात गेला असेल तर तो शुद्ध करण्याच्या खटपटीत पडू नका. पात्याखाली आणि रिंगेत अडकलेलं निघत नाही. सुटा जार विकत मिळतो, तो घ्या.

नवा स्टीलचा जार यहुदी नसलेल्या दुकानदाराकडून घेतला असेल, तर वापरण्याआधी तो मिकवेत (धार्मिक शुद्धीसाठीच्या पाण्याच्या कुंडात) बुडवावा लागतो. काचेच्या आणि धातूच्या सगळ्याच भांड्यांचा हा नियम. इथे गोव्याला फुकटची सोय आहे: समुद्र मिकवे म्हणून चालतो. भरती-ओहोटी बघून, लाटा शांत असतील तेव्हा जा. त्याआधी घरी स्टिकर काढा आणि त्याखालचा चिकटा खोबरेल तेल लावून, दहा मिनिटांनी घासून पूर्ण घालवा. चिकटा राहिला तर पाणी त्या जागी लागत नाही आणि बुडवणं फुकट जातं. जार उपडा बुडवू नका, आत हवा अडकते. तिरका धरून आत घ्या, पाणी भरू द्या, ओल्या हाताची पकड क्षणभर सैल करा. फक्त जार न्यायचा, मोटर घरी.

टेट्रापॅककडे वळू. २०० मिलीचं पाकीट चार माणसांच्या एका कालवणाला बेताचं होतं. घटकांत नारळ आणि पाणी सोडून ग्वार गमसारखा दाटपणा देणारा पदार्थ किंवा एखादा इमल्सिफायर असतो. त्यात ४७१ किंवा ४३५ आकडा दिसला तर तो पदार्थ स्निग्धाम्लांपासून बनलेला असतो, आणि ही आम्लं वनस्पतीची की प्राण्यांची हा प्रश्न उरतो. हिरवा ठिपका प्राण्यांचा प्रश्न मिटवतो, कोशर चिन्ह बाकीचा. शक्यतो नारळ, पाणी आणि गम इतकीच यादी असलेलं पाकीट निवडा.

ताज्या रसाशी तुलना केली तर टेट्रापॅक चवीला थोडं गुळचट आणि शिजल्यासारखं लागतं. सोलकढीत ते लगेच ओळखू येतं. हुमणात मात्र आमसूल किंवा चिंच थोडी वाढवली की फरक फारसा उरत नाही. आणि एका बाबतीत ते ताज्या रसापेक्षा सरस आहे. शब्बाथला खवणं, वाटणं, पिळणं यातलं काहीच करता येत नाही, आणि ताजा रस फ्रीजमध्येही दिवसाच्या वर भरवशाचा राहत नाही. शुक्रवारी सूर्यास्ताआधी शिजवलेलं कालवण तासन्‌तास गरम पत्र्यावर राहिलं की ताज्या रसाचं तेल वर येतं आणि खाली पाणी राहतं. पाकिटातला रस गममुळे बराच टिकून राहतो. म्हणून शुक्रवारच्या कालवणाला पाकीटच घ्या.

टिनचा डबा बहुधा ४०० मिलीचा, आणि आयात केलेल्यांवर कोशर चिन्ह असण्याची शक्यता जास्त. ‘मिल्क’ आणि ‘क्रीम’ यात गल्लत करू नका. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात नारळाच्या दुधात किमान १० टक्के स्निग्धांश धरतात, क्रीममध्ये किमान २०. ‘लाइट’ म्हणजे याहून पातळ, त्यापेक्षा दुसऱ्या पाण्याचा रस बरा. डबा न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की वर घट्ट थर जमतो. तो मटणाच्या रश्शात मलईच्या जागी घाला. उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा.

फ्रोझन खवाबद्दल दोनच शब्द: नुसता खव असेल तर चांगला, साखर घातलेला असेल तर कालवणाला निरुपयोगी.

आता रोजचं झटपट काम. सोलकढी आधी, कारण मटणाच्या जेवणात ताकाची जागा तीच घेते. दहा-बारा सोलां (वाळवलेली आमसुलं) एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. भिजवण्याआधी एकेक सोल उलगडून बघा, वाळवलेल्या मालाच्या घडीत किडा लपतो. भिजल्यावर चुरून पाणी गाळा. घट्ट-पातळ मिळून दोन वाट्या रस, लसणीच्या दोन पाकळ्या आणि एक लहान हिरवी मिरची (खवाबरोबरच, पार्वे जारमध्ये वाटायची). मीठ चव पाहून, कारण पुष्कळ सोलांना आधीच मीठ असतं. आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) वापरत असाल तर एवढ्या रसाला दोन मोठे चमचे, आणि मग मिठाची गरज क्वचितच. कोकमाचं पाणी रसात मिसळायचं ते वाढण्याच्या वेळी. तासन्‌तास एकत्र राहिलं की आंबटपणाने रस दाटतो आणि फाटल्यासारखा दिसतो. कोथिंबिरीची पानं किड्यांसाठी एकेक तपासावी लागतात. या कढीत ती नसली तरी काही बिघडत नाही, सरळ वगळा. विकतच्या कोकम सरबताच्या बाटलीवर रंग १२० दिसला तर ती परत ठेवा, तो किड्यांपासून काढलेला रंग आहे.

मटणाच्या ताटाजवळ पांढऱ्या रंगाचा पदार्थ वाढताना आणखी एक जुनी पद्धत पाळा. बदामाचं दूध मांसाबरोबर ठेवायचं तर बघणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी बदाम ठेवावेत, असं रेमाने (रब्बी मोशे इसर्लिस या जुन्या धर्मशास्त्रकाराने) लिहून ठेवलं आहे. आता दुधाशिवायचे पदार्थ सगळ्यांना माहीत झाल्याने पुष्कळ रब्बी याची सक्ती करत नाहीत. तरी पाहुणे असतील तर सोलकढीच्या भांड्याजवळ खोबऱ्याच्या दोन कातळ्या ठेवायला काय जातं?

घाईचं हुमण. बांगडा, तारले, इसवण (सुरमई), शेवटो (बोई), चोणक (जिताडा) यांना पर आणि खवले दोन्ही असल्याने हे चालतात. सुंगटां (कोळंबी), कुर्ल्यो (खेकडे), तिसऱ्यो (शिंपल्या), माणक्यो (स्क्विड) आणि मोरी (शार्क) चालत नाहीत. बाजारात कापून घेतलेल्या मासळीची अडचण अशी, की त्याच सुरीने आणि त्याच फळीवर मघाशी मोरी कापलेली असते. बांगडा अख्खाच आणून घरी साफ करा. इसवण मोठी, ती अख्खी परवडत नाही. तुकडे घ्यायचे तर कातडीसकट घ्या, आपली सुरी द्या, फळीवर स्वच्छ कागद अंथरायला सांगा आणि घरी येऊन कापलेली बाजू सुरीने खरवडून धुवा. कातडी सोललेला तुकडा, विकणारी ओळखीची असली तरी, घेऊ नये.

अर्धा किलो मासळीला: पाकिटाचा २०० मिली रस, दीड वाटी पाणी, दोन चहाचे चमचे काश्मिरी तिखट, एक चमचा धणेपूड, पाव चमचा हळद, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, पाच सोलां, मीठ. पाणी, मसाले आणि निम्मा रस पाच मिनिटं उकळा. मग मासळी सोडून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. डाव घालू नका, भांडंच हलवा. आच अगदी मंद करून उरलेला रस आणि सोलां घाला, आणि कडेला बुडबुडे दिसले की उतरवा. रस फाटतो तो दोन कारणांनी: जोराची उकळी आणि लवकर घातलेला आंबटपणा. बांगडा असेल तर आठेक तेफळं, आतली काळी बी काढून, जराशी ठेचून शेवटी टाका. मातीच्या भांड्यात करायचं असेल तर ते भांडं फक्त मासळीसाठी राखून ठेवा. माती शोषलेलं सोडत नाही, म्हणून चुकून त्यात मटण किंवा दूध गेलं तर मातीचं भांडं शुद्ध करण्याचा मार्ग नाही. मासळी आणि मांस एका पदार्थात घालत नाहीत, आणि काही घरांत मासळीबरोबर दूधही टाळतात. नारळाचा रस तिथेही उपयोगी पडतो.

कोंबडीला दह्याऐवजी रस लावून ठेवण्याची युक्ती सगळे सांगतात, अर्धीच सांगतात. दह्याने मांस नरम पडतं ते त्यातल्या आम्लामुळे. नारळाच्या रसात ते नाही. अर्धा किलोला अर्धी वाटी घट्ट रस आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा माडाच्या सुरेचं व्हिनेगर लावा, अर्धा तास पुरे. गोव्याचं हे व्हिनेगर द्राक्षांचं नाही, त्यामुळे द्राक्षाच्या दारूविषयीचे कोशर नियम त्याला लागत नाहीत. पेसाहला मॉल्ट व्हिनेगर अजिबात नको, ते जवापासून बनतं. कोंबडी अर्थात शोखेटने (कोशर नियमाने कापणाऱ्या जाणकाराने) कापलेली हवी. बाजारातली साधी कोंबडी रसात बुडवली म्हणून कोशर होत नाही.

उरलेला ताजा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे पिशवीत भरून ठेवा. वितळल्यावर तो थोडा फुटलेला दिसतो, कालवणात चालतो, सोलकढीत नाही.

मटणाच्या जेवणानंतर गोड हवं असेल तर बेबिंका नको. नारळाचा रस असला तरी थराथराला तूप असतं, म्हणजे ती दुधाची. दोदोल नारळाचा रस, गूळ आणि तांदळाच्या पिठाचं, त्यात दूध लागतच नाही. पण विकतचं घेताना ताटाला किंवा कढईला तूप लावलं होतं का, हे विचारून घ्या. घरी करायला वेळ नसेल तर शिरा: एक वाटी रवा दोन मोठे चमचे खोबरेल तेलात मंद भाजा, दोन वाट्या गरम पातळ रस घालून झाका, पाणी आटलं की पाऊण वाटी चिरलेला गूळ, आणि गूळ विरघळल्यावर अर्धी वाटी घट्ट रस. गूळ आधी घातला तर रवा कच्चा राहतो. रवा वापरण्याआधी चाळून घ्या, पावसाळ्यात तर दोनदा.